थांबलेल्या डोजरच्या पोनीचा स्पार्क : प्रकल्प नोंदी

9 फेब्रुवारी 2025

यंत्र : कॅटरपिलर डी-4, 7यू मालिका. ही मालिका 1947 ते 1959 या काळात बनली, म्हणजे यंत्राचं वय पासष्टीच्या पुढचंच. जागा : सेलू–जिंतूर रस्त्यालगतचं शेत, बांधावरच्या लिंबाखाली. मालक अण्णा. 2003 च्या उन्हाळ्यात शेवटचा चालला, तेव्हापासून जागेवरच आहे.

जालन्याचा भंगारवाला दोनदा येऊन गेलाय. तिथल्या सळईच्या कारखान्यांना भंगार कितीही मिळालं तरी कमीच पडतं, आणि हा ब्लेडसकट पाच टनांच्या वर भरेल. अण्णांना तो द्यायचा नाही, पण ठेवून करायचं काय तेही ठरत नाही. "पाडव्यापर्यंत बगा मिस्त्री. लागला तर शेततळ्याचा गाळ काढू, बांध नीट करू. नाही लागला तर देऊन टाकू." मला वाटतं हा लागेल. चेन झिजलेली असली तरी धडपणी आहे, ब्लॉकला बाहेरून तडा दिसत नाही, आणि रेडिएटरचं पाणी उभं करतानाच कुणीतरी शहाण्या माणसानं सोडून दिलेलं होतं.

आज फक्त बघायचं, फिरवायचं काही नाही, असं आधीच कळवलं होतं. तरी अण्णांच्या पुतण्यानं ट्रॅक्टर आणून उभा केलेला. साखळी लावून ओढायचा आणि गिअरमध्ये टाकून लावायचा, असा बेत. तो थांबवला. इतकी वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला धरून बसतात, डिझेल पंपाचे प्लंजर (डिझेल दाबून पुढं ढकलणारे दट्टे) जागच्या जागी अडकतात, बेअरिंगवर तेलाचा थर उरत नाही. ओढलं की जे नुसतं अडकलेलं असतं ते मोडतं, आणि मग मात्र भंगारवाल्याला फोन करावाच लागतो.

पुतण्याचा दुसरा प्रश्न रास्त होता : डिझेलच्या यंत्राला प्लग आणि मॅग्नेटो (चुंबक फिरवून बॅटरीशिवाय स्पार्कची वीज तयार करणारा भाग) कशाला? या डोजरला इंजिनं दोन आहेत. मोठं चार सिलिंडरचं डिझेल, साडेचार इंच बोअर, साडेपाच इंच स्ट्रोक. ते हातानं फिरवून लावणं माणसाच्या ताकदीबाहेरचं, आणि त्या काळच्या बॅटऱ्या रानात भरवशाच्या नव्हत्या. म्हणून बाजूला दोन आडव्या सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन बसवलेलं आहे. ऑपरेटर त्याला पोनी म्हणतात. दोरी ओढून पोनी लावायचा, तो तापला की क्लच आणि पिनियननं मोठ्या फ्लायव्हीलला जोडायचा आणि त्याच्या जोरावर डिझेल फिरवायचं. दोन्ही इंजिनांत खेळणारं पाणी एकच. शिवाय पोनीचा गरम धूर डिझेलच्या हवेच्या नळीला ऊब देत बाहेर जातो. मोठं इंजिन पेट घ्यायच्या आधीच कोमट झालेलं असतं. फार विचारानं केलेली रचना आहे. पण सगळी मदार पोनीवर, आणि पोनीची मदार मॅग्नेटोच्या स्पार्कवर. म्हणून काम तिथूनच.

12 फेब्रुवारी

साफसफाई. फ्लायव्हीलच्या घरात उंदरांनी सरकी आणि चिंध्यांचं घरटं केलेलं. पोनीच्या कार्ब्युरेटरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर, ते टणक झालेलं. धुराड्यावर डबा पालथा घातलेला होता, त्यामुळे आत पाणी गेलेलं नाही. ज्यानं तो घातला त्याचे उपकार आहेत.

दोन्ही प्लग काढले. सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑईल सम प्रमाणात मिसळून सोडलं. मोठ्या इंजिनात इंजेक्टरच्या जागेतून तेच. आता आठवडाभर हात लावायचा नाही.

19 फेब्रुवारी

पोनी हातानं सुटला. फ्लायव्हीलवर थोडं पुढं, थोडं मागं करत गेलो, आणि अर्ध्या तासात पूर्ण फेरा बसला. जुनं तेल काढून नवीन भरलं. मोठं इंजिनही कॉम्प्रेशनचा दांडा सोडून, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोकळा करून, फ्लायव्हीलला पहार लावून हललं. अण्णांच्या चेहऱ्यावर आज पहिल्यांदा विश्वास दिसला.

दुपारी चाचा आले. 1972 च्या दुष्काळात पाझर तलावांच्या कामावर ते डोजरचे हेल्पर होते, पुढं जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ऑपरेटर. हाच डोजर त्यांनी बरीच वर्षं चालवला. नजर मंदावली आहे, पण बोटं अजून पक्की. पोनीवर हात ठेवून त्यांनी फ्लायव्हील सावकाश फिरवला आणि कान लावून बसले. मी लगेच पाना उचलला तर म्हणाले, "कामून घाई करायलास बेटा? टक वाजंना हे. टक वाजल्याशिवाय पोनी लागत नसतो."

ते कसल्या आवाजाबद्दल बोलत होते ते लगेच कळलं. त्याबद्दल पुढं लिहितो.

21 फेब्रुवारी

स्पार्क तपासला. प्लग बाहेर, प्लगचं अंग हेडला टेकवलेलं, आसपास पेट्रोलचा थेंब नाही, कार्ब्युरेटर उतरवून बाजूला ठेवलेला. दोरी ओढली. दोन्ही प्लगवर काहीच नाही.

इथं बहुतेक जण मॅग्नेटो खोलायला घेतात. त्याआधी एक काम असतं आणि त्याला स्क्रू डायव्हरपलीकडं काही लागत नाही. मॅग्नेटोचं इंजिन बंद करायची पद्धत गाडीच्या उलट असते. गाडीत चावी फिरवली की करंट तुटतो. मॅग्नेटोच्या कॉइलमध्ये तारेचे दोन गुंडाळे असतात : थोड्या वेढ्यांची प्रायमरी, आणि प्लगला मोठं व्होल्टेज देणारी सेकंडरी. बंद करायचं बटण प्रायमरीचा करंट अर्थला जोडून देतं, म्हणजे तो वाटेतच जिरतो आणि स्पार्क तयार होत नाही. बटणाकडं जाणारी वायर कुठंही सोलून अंगाला टेकली तर इंजिन कायमचं 'बंद' अवस्थेत राहतं. म्हणून ही वायर आधी मॅग्नेटोवरूनच सोडायची आणि मग स्पार्क बघायचा.

सोडली. वायर उंदरांनी कुरतडलेली होती, तांबं उघडं होऊन ब्रॅकेटला टेकलेलं. पुतण्याला वाटलं सापडलं. पुन्हा दोरी ओढली, तरी स्पार्क नाही. म्हणजे हा दोष खरा आहे, पण एकटा नाही. उभ्या यंत्रात दोष एकावर एक साचतात. एक दूर केला आणि यंत्र लागलं नाही म्हणून तो दोषच नव्हता असं समजायचं नाही. वायर नवीन घालायची हे वहीत लिहून ठेवलं.

आता चाचांचा 'टक'. दोरीनं किंवा हातानं फिरवताना मॅग्नेटो इतका सावकाश फिरतो की त्याच्या चुंबकाला पुरेसा करंट तयार करता येत नाही. म्हणून शाफ्टवर इंपल्स कपलिंग असतं. त्यातली खिटी मॅग्नेटोला क्षणभर अडवून धरते, तेवढ्यात आतली स्प्रिंग गुंडाळली जाते, आणि खिटी सुटली की गलोल सोडल्यासारखा चुंबक झटक्यात पुढं जातो. त्या झटक्यात जोरदार स्पार्क पडतो. शिवाय तो थोडा उशिरा पडतो, त्यामुळं इंजिन उलटा झटका मारत नाही. इंजिन वेगात आलं की खिट्या बाहेर फेकल्या जातात आणि कपलिंग गप्प होतं. सुटतानाचा आवाज म्हणजे तो टक. आपल्याकडं तो येत नाही, म्हणजे खिट्या चिकटल्या आहेत.

23 फेब्रुवारी

मॅग्नेटो उतरवायच्या आधी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून ठेवला. प्लगच्या भोकावर अंगठा धरायचा, हवा अंगठ्याला ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा फेरा. मग फ्लायव्हीलवरची खूण जुळवायची. दोन्ही प्लगच्या वायरींना रंगीत दोरे बांधले, मॅग्नेटोचं बूड आणि ब्लॉक यांवर एकच रेघ ओढली, मोबाइलवर फोटो घेतले. या कामाला पाच मिनिटं लागतात आणि पुढचा अख्खा दिवस वाचतो.

मॅग्नेटोवरची पाटी झिजलेली आहे, कंपनीचं नाव वाचता येत नाही. शाफ्ट बोटांनी फिरवला तर ठरावीक जागी अडकतो आणि तिथून पुढं उडतो. चुंबक जिवंत असल्याची ही खूण. रोटर बाहेर काढला नाही आणि काढणारही नाही. जुन्या चुंबकाचा रोटर लोखंडी घरातून तसाच उघडा काढून ठेवला तर त्याची ताकद कमी होते. काढणं भागच पडलं तर लगेच लोखंडी पट्टीनं दोन्ही ध्रुव जोडून ठेवावे लागतात.

24 फेब्रुवारी

वर्कशॉपमध्ये. इंपल्स कपलिंगमध्ये कुणीतरी कधीकाळी चाकाचं ग्रीस भरलेलं, ते वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं. डिझेलमध्ये भिजवून ब्रशनं धुतलं. स्प्रिंग शाबूत, खिट्यांची टोकं झिजलेली पण चालतील अशी. इथं ग्रीस घालायचंच नसतं, पातळ मशीन ऑईलचे दोन-तीन थेंब पुष्कळ होतात. जोडून फिरवलं आणि टक वाजला. चाचांना फोन लावून तो आवाज ऐकवला.

मग पॉइंट उघडले, म्हणजे प्रायमरीचा करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन टोकं. वरून बघितले तर ठीक दिसतात, करडे, गुळगुळीत. पण मिटलेल्या पॉइंटवर मल्टीमीटर लावला तर रीडिंग शून्याजवळ यायला हवं, इथं आरपार काही जातच नव्हतं. पॉइंटचा धातू टंगस्टन. वर्षानुवर्षं दमट हवेत पडून राहिला की त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तो करंट अडवतो. मोठ्या व्होल्टेजला तो कदाचित फुटेल, पण मॅग्नेटोच्या प्रायमरीत सुरुवातीला व्होल्टेज अगदी थोडं असतं. म्हणून दिसायला चांगले पॉइंटही आधी मोजायचे.

साफ करायला पॉलिश पेपर वापरू नये असं मी शिकाऊ पोरांना कळकळीनं सांगतो. त्याची वाळू पॉइंटमध्ये रुतून बसते आणि पुन्हा तीच अडचण करते. बारीक तेली दगडाची पातळ पट्टी दोन-चार वेळा फिरवायची, मग कोऱ्या जाड कागदाची पट्टी थिनरमध्ये बुडवून पॉइंट मिटवून ओढायची, शेवटी कोरडी पट्टी ओढायची. पट्टीवर काळं यायचं थांबलं की झालं. आता रीडिंग शून्याच्या अगदी जवळ. गॅप फिलर गेजनं पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवला, म्हणजे साधारण 0.38 मिमी. कॅमवर घासणारा नमद्याचा तुकडा वाळून दगड झालेला होता, तो बदलून तेलाचा एक थेंब दिला. हा कोरडा राहिला तर पॉइंटचा फायबरचा ठोकळा झिजत जातो, गॅप आपोआप मिटत जातो आणि महिन्याभरात स्पार्क पुन्हा जातो.

मॅग्नेटो वाइसमध्ये धरून ड्रिलनं सावकाश फिरवला, अंगावरच्या बाणाच्या दिशेनं. स्पार्क आला. पण तांबूस, बारीक, आणि पॉइंटमध्येच निळ्या ठिणग्या उडत होत्या. पॉइंटमधल्या ठिणग्या कंडेन्सरकडं बोट दाखवतात, कारण पॉइंट उघडताना तो धक्का शोषून घेणं हेच त्याचं काम.

27 फेब्रुवारी

काल महाशिवरात्र, परभणीतली दुकानं बंद. आज कंडेन्सर घेऊन मोटार वाइंडिंगच्या दुकानात गेलो.

कंडेन्सर मल्टीमीटरवर चांगला दिसत होता, 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपास. त्यावर विश्वास का ठेवायचा नाही? मल्टीमीटर त्याला फार थोड्या व्होल्टेजवर तपासतो. पॉइंट उघडतात त्या क्षणी प्रायमरीत दोन-तीनशे व्होल्टचा धक्का येतो, आणि जुन्या कागदी कंडेन्सरचं गळणं तेव्हाच कळतं. वाइंडिंगवाल्याकडं मेगर असतो, म्हणजे मोठ्या व्होल्टेजवर गळती तपासणारा मीटर. 500 व्होल्टवर लावला तर काटा जवळजवळ शून्यावर गेला. आतला कागद ओल धरून बसलाय.

तसाच कंडेन्सर मिळणं शक्य नाही आणि गरजही नाही. माप जुळलं आणि जागेत बसला की झालं. जुन्या फियाट गाडीच्या डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर याच मापात येतो. परभणीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात धुळीच्या खोक्यात सापडला. नवा असला तरी मेगर लावूनच घेतला, कारण दुकानात पडून राहिलेलं सामानही उभ्या यंत्रासारखंच म्हातारं होतं. पत्र्याचा छोटा क्लॅम्प करून मॅग्नेटोच्या घरात बसवला.

पॉइंटमधल्या ठिणग्या थांबल्या, स्पार्क निळा झाला.

2 मार्च

आज पहिला रोजा. चाचा तरीही सकाळी वर्कशॉपवर येऊन गेले.

कॉइल मोजली. प्रायमरी एक ओहमच्या आत, सेकंडरी काही हजार ओहम, कुठं तुटलेली नाही. पण घरातून काढली तेव्हा कडेचा लाखेचा थर मऊ, चिकट लागला. ओल असावी म्हणून दोन दिवस काळ्या पत्र्याच्या डब्यात उन्हात ठेवली. मार्चचं ऊन आपल्याकडं फुकट आणि भरपूर आहे.

प्लगच्या वायरी बदलल्या. दुकानदार हल्लीच्या गाड्यांची कार्बनच्या धाग्याची वायर देत होता, ती घेतली नाही. मॅग्नेटोला आतून तांब्याची तार असलेलीच वायर लागते. प्लग नवे, गॅप पंचवीस थाऊ.

एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुष्कळ जण इथं फसतात. उघड्या हवेत प्लगच्या टोकावर स्पार्क दिसला म्हणून समाधान मानायचं नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून वायरीचं टोक हेडपासून पाच-सहा मिलिमीटर लांब धरायचं, रबरी मूठ असलेल्या पक्कडीनं, आणि स्पार्क तेवढी उडी मारतो का ते बघायचं. आज मारतोय.

6 मार्च

मॅग्नेटो बसवला, टायमिंग जुळवलं. पिस्टन टोकाला पोचला की लगेच पुढं टक वाजला पाहिजे. टक आधी वाजला तर दोरी ओढणाऱ्याच्या हाताला झटका बसतो, मनगट जायबंदी होऊ शकतं. दोरीचं टोक हाताला गुंडाळून कधीही ओढू नये, मूठ नुसती धरायची. ही गोष्ट पुतण्याकडून दोनदा वदवून घेतली.

9 मार्च

पेट्रोलची बाजू. टाकीत तळाला लाखेसारखा थर आणि गंज, धुवून काढली. काचेची वाटी, जाळी, जेट साफ केले. कॉर्कचं गॅस्केट नवीन कापलं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं. म्हणून टाकीत लागेल तेवढंच टाकायचं आणि काम झालं की काढून घ्यायचं. एवढं पुरे.

12 मार्च

पोनी लागला!

चोक ओढून दोरी ओढली, टक, टक, आणि मग धुराड्यातून निळा धूर सोडत एकदम सूर धरला. आवाज ऐकून शेजारच्या शेतातली माणसं हळद पसरायची सोडून आली. चाचा खाटेवरून उठून उभे राहिले. अण्णांनी गूळ मागवला, चाचांनी रोजा म्हणून तो रुमालात बांधून घेतला.

पाणी भरलेलं होतं, तेल ठीक. सात-आठ मिनिटं व्यवस्थित चालला. मग खोकल्यासारखा एकदोनदा अडखळला आणि बंद पडला. पुन्हा दोरी ओढली तर काही नाही. तासाभरानं ओढली तर पहिल्या झटक्यात लागला, आणि पुन्हा तेवढ्याच वेळात बंद.

13 मार्च

तापल्यावर बंद, निवल्यावर चालू. या लक्षणाची कारणं प्रामुख्यानं दोन, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर पेट्रोल उतरत जातं, आत पोकळी होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. थोड्या वेळानं हवा झिरपते आणि पुन्हा येतं. किंवा कॉइल तापल्यावर दम सोडते.

दोन्हींत फरक करायचा तर इंजिन बंद पडलं त्याच मिनिटाला करावा लागतो. चहा पिऊन आल्यावर पुरावा निघून गेलेला असतो. म्हणून आज पोनी चालू असतानाच पाना, जादा प्लग आणि पक्कड हाताशी घेऊन बसलो. आधी टाकीचं झाकण उघडं ठेवून चालवला. तरी बंद पडला. कार्ब्युरेटरचा ड्रेन उघडला, पेट्रोल धो-धो आलं. लगेच वायरीचं टोक हेडजवळ धरून पुतण्याला दोरी ओढायला लावली. सकाळी सहा मिलिमीटर उडी मारणारा स्पार्क आता दोन मिलिमीटरही ओलांडेना, आणि रंग पुन्हा तांबूस.

म्हणजे कॉइलच. आतलं इन्सुलेशन थंड असताना टिकतं, तापलं की सेकंडरीच्या थरांमध्ये आतल्या आत ठिणगी पडते आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. थंड कॉइल ओहमवर कितीही नीट दाखवली तरी हा दोष त्यात दिसत नाही.

14 मार्च

धुळवड. काम बंद.

16 मार्च

खात्री करून घेतली. वाइंडिंगवाले ओली मोटार वाळवतात तसा पत्र्याच्या डब्यात 200 वॉटचा बल्ब लावला, कॉइल आत ठेवली, थर्मामीटर 70 अंशांवर येऊन थांबेपर्यंत ठेवली. बाहेर काढून लगेच मॅग्नेटोत घालून ड्रिलनं फिरवली. स्पार्क गेला. पंख्याखाली निवू दिली, स्पार्क आला. आता मनात शंका नाही.

दोन सल्ले मिळाले. एक, मॅग्नेटो काढून टाका, अॅम्बेसेडरची कॉइल आणि बॅटरी लावा. हे चालेल, लोक करतात, आणि अडल्या वेळी मीही करीन. पण इथं करायचं नाही. हा डोजर वर्षातून दोन-तीन महिने काम करणार आणि बाकी दिवस लिंबाखाली उभा राहणार. बॅटरी तेवढ्यात मरते. मॅग्नेटोला बाहेरून काहीच लागत नाही, दोरी ओढणारा हात पुरतो. शेतातल्या अधूनमधून चालणाऱ्या यंत्राला याहून योग्य गोष्ट नाही. दुसरा सल्ला, जुनी कॉइल वार्निशमध्ये बुडवून काढा. ते वरवरचं होतं. ठिणगी आतल्या थरात पडते, तिथं वार्निश पोचत नाही.

कॉइल पुन्हा गुंडाळायचीच. परभणीच्या दुकानात पंपाच्या मोटारी उत्तम होतात, पण सेकंडरीची तार केसापेक्षा बारीक, तिचे हजारो वेढे आणि दर थराला कागद, ते त्यांचं काम नाही, आणि त्यांनी ते सरळ सांगितलं याचा मला आदर वाटतो. छत्रपती संभाजीनगरात जुन्या स्कूटरच्या कॉइल गुंडाळणारे एक वयस्कर कारागीर आहेत. त्यांच्याकडं एसटीनं पार्सल पाठवलं. सोबत लिहून दिलं : वेढ्यांची दिशा जुनीच ठेवा, लोखंडी गाभा तोच वापरा, रेझिन पोकळी करून आत शोषवा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

26 मार्च

कॉइल आली. सुबक काम. बल्बच्या डब्यात 70 अंशांवर तासभर ठेवून लगेच तपासली. स्पार्क निळा, सहा मिलिमीटरची उडी कायम. अण्णांना फोन केला. पाडवा चार दिवसांवर आहे, भंगारवाल्याला अजून थांबवा म्हटलं.

27 मार्च

पोनी पाऊण तास सलग चालला. मध्ये मुद्दाम बंद करून, गरमच पुन्हा लावून बघितला. लागतो. ऊन चाळिशीला टेकलंय, म्हणजे परीक्षा कडकच झाली.

28 मार्च

उद्या डिझेल. आज फक्त त्याची तयारी, आणि यातली एक गोष्ट स्पार्कपेक्षाही महत्त्वाची आहे. उभ्या डिझेल पंपात प्लंजर आणि रॅक (किती डिझेल जाईल ते ठरवणारी सरकती पट्टी) अडकतात. रॅक पूर्ण उघड्या जागी अडकला असेल आणि इंजिन लागलं, तर ते वेग वाढवतच जातं, दांडा मागं ओढून थांबत नाही, आणि शेवटी फुटतं. म्हणून पंपाचं बाजूचं झाकण उघडून रॅक हातानं पुढं-मागं सरकतो का ते पाहिलं. चारांपैकी एक प्लंजर धरलेला होता. डिझेल टाकत, लाकडी काडीनं हलवत मोकळा केला. तरीही उद्या हवेच्या नळीच्या तोंडाशी जाड प्लायवुडची फळी घेऊन एक माणूस उभा राहणार. इंजिन बेफाम झालं तर हवा बंद करणं हा एकच खात्रीचा उपाय उरतो. ते काम पुतण्यानं मागून घेतलं.

29 मार्च

चाचा खाली खुर्चीवर, मी दांड्यांवर. पोनी लावला, पाच-सात मिनिटं तापू दिला. कॉम्प्रेशनचा दांडा सोडलेल्या स्थितीत. पिनियन गुंतवलं, क्लच हळू घेतला, मोठं इंजिन फिरायला लागलं. डिझेल बंदच. तेलाचा काटा उठेपर्यंत असंच फिरवायचं होतं. चाचा म्हणाले, "फिरू दे, फिरू दे. ती नळी हाताला गरम लागंपर्यंत फिरू दे." काटा उठला, तरी त्यांच्या म्हणण्याप्रमाणं आणखी थोडा वेळ फिरवलं. मग कॉम्प्रेशन 'चालू'वर. पोनीचा आवाज जड झाला, दबला, पण त्यानं सोडलं नाही. डिझेलचा दांडा थोडा उघडला. पांढरा धूर, एक सिलिंडर, मग दुसरं, मग चारही. पिनियन आपोआप सुटलं. पुतण्याची फळी वापरावी लागली नाही.

पोनी बंद करताना बटण दाबलं नाही. पेट्रोलचा कॉक बंद केला आणि कार्ब्युरेटर कोरडा होऊन तो आपोआप थांबू दिला. दर वेळी असंच करायचं, म्हणजे जेटमध्ये पेट्रोल वाळत नाही. थांबल्यावर मग बटण अर्थला.

अण्णांनी सगळ्यांसमोरच भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

2 एप्रिल

पाडवा आणि ईद लागोपाठ आल्यानं दोन दिवस काम नव्हतं. चाचांकडं शीरखुर्मा झाला, तिथंही बोलणं पोनीचंच.

पुढचं काम. बटणाची वायर नवीन घातली, आता लवचीक लोखंडी नळीतून नेली आहे, उंदरांचे दात पोचणार नाहीत. मॅग्नेटोच्या घराच्या तळाचं हवेचं भोक उघडं ठेवलंय, ते रंगात बुजू द्यायचं नाही, आतली ओल तिथूनच जाते. महिन्यातून एकदा पोनी लावून वीस मिनिटं तापवायचा, नुसता लावून लगेच बंद करायचा नाही. अण्णांच्या पुतण्यानं दिनदर्शिकेवर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खूण केली आहे.

उजवा स्टिअरिंग क्लच (त्या बाजूची चेन मोकळी करून डोजर वळवणारा) सुटत नाही. प्लेटा गंजून एकमेकींना धरल्या असणार. आधी इंजिन तापवून, दांडा ओढून बांधून, पुढं-मागं करून सुटतो का पाहणार. नाही सुटला तर मागचं झाकण उघडावं लागेल, आणि त्यासाठी चेन-पुली आणि दोन जादा माणसं लागतील. शेततळ्याचा गाळ मे महिन्यात काढायचा आहे, तोपर्यंत हे व्हायला हवं.